क्लच सोडत नव्हता, बिल मात्र गिअरबॉक्सचं

गिअर जड जातोय या एका तक्रारीवर ट्रकवाल्यांची जेवढी लूट होते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. हायवेलगतच्या एका गॅरेजात १४ फुटी ट्रकच्या बाबतीत झालेला प्रकार सांगतो. असले प्रकार रोज घडतात.

इंजिन चालू असताना पहिला आणि रिव्हर्स पडेनात, घर्रकन दात वाजायचे. मिस्त्रीने गाडी जरा पुढेमागे घेतली आणि निकाल दिला, "सिंक्रो गेले, बॉक्स खाली घ्यावा लागेल." सिंक्रो म्हणजे गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा. ॲडव्हान्स घेतला, बॉक्स उतरवला. निघालेल्या तेलात बोट बुडवून पितळेची चकाकणारी पूड मालकाला दाखवली. मालक घाबरला, हो म्हणाला. बिलात सिंक्रो रिंगा, बेअरिंगं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट असं सगळं लागलं आणि सगळ्यात खाली एक बारीक ओळ होती: क्लच मास्टर वॉशर किट, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून पुढे पाठवणाऱ्या मास्टर सिलेंडरचे रबरी वॉशर. गाडी सुधारली ती त्या ओळीमुळे. कारण तीच गाडी इंजिन बंद करून गिअर टाकला की सगळे गिअर अलगद घ्यायची आणि क्लच दोन-तीनदा पंप केला की चालू इंजिनवरही घ्यायची. ड्रायव्हर कित्येक दिवस तसंच करून गाडी चालवत होता. मिस्त्रीने हे त्याला विचारलंच नाही.

त्या पितळी पुडीने घाबरू नका. सिंक्रो रिंगा पितळेच्या असतात, त्या झिजतात आणि वापरलेल्या तेलात त्यांची बारीक पूड दिसतेच. ड्रेन प्लगच्या चुंबकाला स्टीलचे कपचे किंवा दाताचे तुकडे चिकटलेले असतील, तर ती काळजीची गोष्ट.

गॅरेजची पायरी चढण्याआधी ही परीक्षा स्वतः करा. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावा. ज्या गाडीत क्लच बूस्टर हवेवर चालतो, तिथे आधी गेज बघून टाकीत हवा पूर्ण भरू द्या, नाहीतर पेडल जड लागेल आणि चुकीचा निष्कर्ष निघेल. मग इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवरही जड जात असतील तर दोष लिव्हर, केबल, लिंकेज किंवा बॉक्समध्ये आहे. बंद इंजिनवर हलके आणि चालू इंजिनवर जड, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी इंजिन आयडलवर ठेवून क्लच तळापर्यंत दाबा, दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून बॉक्समध्ये जाणारा दांडा, थांबायला हवा. तरी दात वाजले तर तो अजून फिरतोय.

आता गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलेंडर बघा, म्हणजे मास्टरकडून आलेल्या ऑइलच्या दाबाने पुशरॉड ढकलून क्लच सोडवणारा सिलेंडर. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. एकाला पेडल दाबायला सांगा आणि पुशरॉड किती सरकतो ते पट्टीने मोजा. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा स्ट्रोक कमी असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे. पेडल मिनिटभर तसंच दाबून ठेवायला सांगा. बाहेर कुठे गळती नसताना रॉड हळूहळू मागे येत असेल, तर मास्टर सिलेंडरचा वॉशर आतल्या आत ऑइल सोडतोय. स्लेव्हचं रबरी बूट उचलून आत ओल दिसली तर स्लेव्ह गेला. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा रबरी होज दाबाने फुगतोय. वॉशर किट काही शे रुपयांत मिळतं. सिलेंडरला आतून चर किंवा गंज असेल तर मात्र किट टिकणार नाही, सिलेंडरच बदला.

हवा काढताना निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक क्लच ऑइलच्या बाटलीत बुडवा. पेडल दाबून धरल्यावरच निप्पल उघडा आणि पेडल सोडण्याआधी बंद करा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा, क्लच ऑइलची टाकी मात्र रिकामी होऊ देऊ नका. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ यांपैकी ज्या ग्रेडचं ब्रेक फ्लुइड लिहिलंय तेच वापरा. यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर रबरी वॉशर फुगतात आणि सगळी लाइन खोलावी लागते.

स्ट्रोक पूर्ण मिळूनही क्लच सुटत नसेल, तेव्हा बॉक्स खाली घेणं रास्त आहे. वाकलेली क्लच प्लेट, स्प्लाइनवरचा गंज, झिजलेला फोर्क, फ्लायव्हीलमधलं जाम झालेलं पायलट बेअरिंग, यांतलं काहीतरी असतं. एकच गिअर वाजत असेल आणि बाकीचे नीट असतील, तर खरोखर त्या गिअरचा सिंक्रो संशयित. फक्त थंडीत सकाळी जड आणि गरम झाल्यावर मोकळं असेल तर आधी तेलाचा ग्रेड तपासा. आवाज दाबायला जाड तेल भरून देणारेही आहेत. जिथे कंपनीने जीएल-४ ग्रेडचं गिअर ऑइल सांगितलंय, तिथे जीएल-५ ओतलं तर त्यातली काही ॲडिटिव्ह पितळी रिंगांना खातात.

बॉक्स उतरला की मालकाच्या हातात काही उरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत कारागिराला वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून बोलणं आधी करा आणि कागदावर करा: काय बदलणार, पार्ट कोणत्या कंपनीचा, मजुरी किती, आणि ठरल्याबाहेर काही निघालं तर फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि सिंक्रो रिंगा बाहेर निघताच त्यांचे फोटो काढा, ऑइल पेंटने ठिपका द्या. जुने पार्ट परत मागा. ठिपका नसलेला भंगार पार्ट दाखवला, तर तो तुमच्या गाडीचा नाही. पक्कं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे तो लिहिलेला कागद आणि फोटोच कामी येतात.