‘पेटंट आहे, उघडायचं नाही’ : आमच्या बचत गटाचे ४ लाख ६० हजार कसे गेले

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. इथं माळावर, बांधावर, नुसत्या खडकात सीताफळ येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गावोगाव त्याचं कौतुक झालं, पण मानांकनानं फळ टिकत नाही. डोळे पांढरे पडले की तोडायचं, आणि तोडलं की तीन-चार दिवसांत ते मऊ पडतं. दसरा ते दिवाळी सगळ्यांचा माल एकदमच निघतो. त्या दिवसांत मोंढ्यात आडत्या म्हणेल तो भाव घ्यावा लागतो, नाहीतर क्रेट परत घरी आणून जनावरांपुढे ओतावे लागतात. मी दोन्ही केलंय.

म्हणून २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही बाराजणींनी ठरवलं, एक छोटी थंड खोली घ्यायची. आठ-दहा दिवस जरी फळ थांबलं तरी भाव आपल्या हातात राहील. गटाची नऊ वर्षांची बचत होती. त्यात कुणाची मजुरी होती, कुणाची शेळी विकून आलेली रक्कम, एकीच्या तर मंगळसूत्रातले मणी मोडून भरलेले हप्ते होते.

थंड खोली विकणारा हा माणूस आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडून आला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पन्नाशीचा, बोलायला अतिशय नम्र, प्रत्येकीला ‘ताई’ आणि सासूबाईंना ‘माय’. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम काढली, त्याच टॉवेलानं काच पुसली आणि ओट्यावरच्या खुर्चीत टेकवून ठेवली. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली इंग्रजी मजकूर, सही, शिक्का. म्हणाला, “ताई, हे भारत सरकारचं पेटंट. माझ्या नावावर.”

मग त्यानं अमेरिकेतल्या फ्रेडरिक जोन्सची गोष्ट सांगितली. लहानपणीच पोरका झालेला कृष्णवर्णीय मुलगा, शाळा सुटली, गॅरेजात काम करता करता स्वतःच शिकला आणि ट्रकवर बसणारं थंडाईचं यंत्र त्यानं तयार केलं, त्यामुळे भाजी, मांस, फळं शेकडो मैल जायला लागली. “मी बी तसाच, ताई. आयटीआय अर्धवट सोडलेला. मोठ्या कंपन्या माझ्या मागं लागल्यात, पण मला शेतकऱ्यालाच द्यायचंय.” आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. गोष्ट खरी होती, हे मला नंतर कळलं. खऱ्या माणसाची खरी गोष्ट त्यानं स्वतःच्या खोट्या मालावर पांघरली होती, याचा मला अजूनही सगळ्यात जास्त राग येतो.

यंत्राबद्दल त्याचं म्हणणं असं, की सौर पाट्यांवर चालतं, आत एक खास ‘प्लेट’ आहे, तापमान ४ डिग्री राहतं आणि सीताफळ ३० दिवस टिकतं. मी विचारलं, “प्लेट कशाची? आत बघता येईल का?” तर लगेच हात जोडले. “ताई, ते पेटंट आहे. उघडून दाखवायला सरकारची बंदी आहे. सील तोडलं की वॉरंटी गेली, वर केस होते.”

इथं मी थांबायला हवं होतं. पण पेटंट म्हणजे सरकारनं कुलूप लावलेलं गुपित, असंच मलाही वाटत होतं.

इसार म्हणून ६० हजार दिले. खोली आल्यावर ३ लाख ४० हजार आणि सौर पाट्यांचे आणखी ६० हजार. सगळे पैसे त्याच्या खासगी खात्यात गेले, कारण “फर्मच्या नावानं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी वर पडतो, तुमचेच पैसे वाचवायलोय.” साध्या छापील कागदावर पावती मिळाली. ती तरी आम्ही जपून ठेवली, एवढं एकच शहाणपण.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खोली आली. आठ बाय आठ फुटांची, पांढरी शुभ्र. मागच्या अंगाला पत्र्याच्या झाकणावर लाखेचं सील. दारावर हिरव्या आकड्यांत ४.० चमकत होतं. आम्ही नारळ फोडला आणि ४२ क्रेट भरले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर गोडसर, आंबूस वास आला. आकडा ४.० च. सासूबाईंनी आत हात घातला आणि म्हणाल्या, “हे गार कुठंय गं? माठातलं पाणी बी ह्याच्यापेक्षा गार असतंय.”

आमच्या गटात एक आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती आहे. लसी २ ते ८ डिग्रीत ठेवाव्या लागतात, त्यामुळे तसा डबा हाताला कसा लागतो हे तिला रोजचं ठाऊक. तिनं दारातूनच सांगितलं, हे ४ नाही. दुसऱ्या दिवशी ती तापमापक घेऊन आली, आम्ही तो दोन क्रेटच्या मधे ठेवला, अर्ध्या तासानं काढला. १९. आणि दारावर ४.०.

माणसाला फोन लावला. आधी म्हणाला, फळं उन्हात तोडून भरली असतील. मग म्हणाला, यंत्र लोड घ्यायलंय, दोन दिवस थांबा. मग फोन बंद. ४२ पैकी ३५ क्रेट आम्ही उकिरड्यावर टाकले.

सील तोडायचं ठरवलं तेव्हा मात्र घाई केली नाही. सरपंच आणि पोलीस पाटील समोर उभे, मोबाइलवर व्हिडिओ चालू, आणि मग अंबाजोगाईहून आणलेल्या फ्रिज मेकॅनिकनं लाख फोडली. आत खास प्लेट नव्हती. घरात लावतात तो दीड टनाचा स्प्लिट एसी होता, त्यावरचं कंपनीचं लेबल कानशीनं घासून काढलेलं. त्याच्या सेन्सरच्या वायरीला एक छोटा हीटर गुंडाळलेला. मेकॅनिकनं समजावून सांगितलं : एसी १६ डिग्रीला आला की थांबतो, सेन्सरला ऊब दिली की त्याला वाटतं खोली अजून गरमच आहे आणि तो चालत राहतो. ही युक्ती खरी आहे, काही लोक तिच्यावर छोट्या थंड खोल्या नीट चालवतात. पण त्यासाठी भिंती दमदार लागतात, चार इंचांचा पफ, म्हणजे उष्णता अडवणारा दाट फोम लागतो. आमच्या भिंतीत दोन इंच थर्माकोल होता आणि सांध्यांतून बोट जात होतं. पिकणारं फळ स्वतः उष्णता टाकतं, शेतातली धग अंगात असतेच, आणि भिंती बाहेरची उष्णताही अडवत नव्हत्या. दारावरच्या आकड्याची वायर तर आतल्या कशालाच जोडलेली नव्हती. एक बॅटरी आणि कायमचा ४.०.

पुढे मेकॅनिकनं जे सांगितलं ते ऐकून मी मटकन खाली बसले. “ताई, खरंच ४ डिग्री असतं तरी तुमचं फळ गेलं असतं. सीताफळाला १२-१३ च्या खाली सोसत नाही, साल काळी पडते. ह्या धंद्यातला माणूस सीताफळाला ४ म्हणालाच नसता.” म्हणजे पहिल्याच दिवशी, ओट्यावर बसून, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की आपल्याला यातलं काही कळत नाही. आम्हाला ते ऐकू आलं नाही, कारण आमचे डोळे त्या फ्रेमवर होते.

फ्रेमचा फोटो माझ्याकडे होता. लेक छत्रपती संभाजीनगरला पॉलिटेक्निकला आहे, तिला पाठवला. तिचा फोन दहा मिनिटांत आला. “आई, हे पेटंट नाही. वर लिहिलंय, सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्रेशन ऑफ डिझाइन.” डिझाइनची नोंदणी म्हणजे वस्तू बाहेरून कशी दिसते तेवढ्याची नोंदणी. वर्ग लिहिला होता १५-०७, म्हणजे थंडाईची यंत्रं. त्या कागदाप्रमाणे पेटीचा बाहेरचा आकार त्याचा होता. ती गार करते की नाही, याच्याशी त्या कागदाचा काहीच संबंध नाही.

त्याच्या माहितीपत्रकावर ‘पेटंट क्रमांक’ म्हणून १२ आकड्यांची एक संख्याही छापली होती. सरकारच्या बौद्धिक संपदेच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट बघता येतं, पासवर्ड लागत नाही की ओळख लागत नाही. लेकीनं मला शेजारी बसवून दाखवलं. १२ आकडी संख्या ही पेटंटची नसतेच, अर्जाची असते. पहिले चार आकडे अर्जाचं वर्ष, पाचवा आकडा कार्यालय, मुंबईचा २. याचा अर्ज खरा होता, २०१८ चा. पण अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं होत नाही. तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते. त्या वेळी त्याला ४८ महिन्यांची मुदत होती, २०२४ च्या नियमबदलानंतर नव्या अर्जांना ३१ महिने आहेत. यानं ती मागणी केलीच नाही. स्थितीच्या रकान्यात लिहिलं होतं, अर्ज मागे घेतल्याचं मानण्यात आलं आहे. आमच्या ओट्यावर येण्याच्या कितीतरी आधीच तो अर्ज संपलेला होता.

आणि तो अर्ज आम्ही पूर्ण वाचला. हो, वाचता येतो. साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि मग तो कुणीही उघडून बघावा. त्यात कुठलीही खास प्लेट नव्हती, वर सौर पाट्या ठेवलेल्या पेटीचं वर्णन होतं, बस.

तेव्हा मला पेटंटचा खरा अर्थ कळला. शोध लावणारा आपली युक्ती सगळ्यांपुढे उघडी करतो, चित्रं काढून, प्रत्येक भाग समजावून, आणि त्या बदल्यात सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क देतं. त्यातही दर वर्षाची फी भरली नाही तर हक्क जातो. गुपित ठेवायचं असेल तर पेटंट घेताच येत नाही. ‘पेटंट आहे म्हणून दाखवता येत नाही’ हे वाक्यच खोटं आहे. पेटंट असेल तर ते आधीच जगाला दाखवून झालेलं असतं.

त्याच रात्री लेकीनं फ्रेडरिक जोन्सचं पेटंट काढून दाखवलं. अमेरिकेचं, क्रमांक २३०३८५७, तारीख १ डिसेंबर १९४२. ८० वर्षांपूर्वीचं, पण पानन् पान उघडं. यंत्राची चित्रं, भागाभागाला आकडे, शेवटी क्रमानं दावे, म्हणजे कशाकशावर हक्क मागितलाय ते. त्याच्या नावावर ६० हून जास्त पेटंटं आहेत, त्यातली ४० च्या आसपास थंडाईची. जोसेफ न्यूमेरो या भागीदाराबरोबर त्यानं काढलेली कंपनी पुढे थर्मो किंग झाली. १९६१ ला जोन्स गेला आणि १९९१ साली अमेरिकेनं त्याला मरणोत्तर राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिलं. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण चित्रं समजली. खरा कारागीर आपलं यंत्र किती मोकळेपणानं मांडतो ते बघून मला गलबलून आलं.

तरी एक सांगते, खरं पेटंट असतं तरी फसगत होऊ शकली असती. पेटंट देताना यंत्र नवीन आहे का, त्यात शोध आहे का, ते उद्योगात वापरता येईल का, एवढं कागदावर बघतात. तुमचं फळ टिकेल की नाही याची चाचणी तिथं होत नाही. ती आपल्यालाच करायची. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गावी जायचं, भरलेल्या खोलीत आपला स्वतःचा तापमापक रात्रभर ठेवायचा.

बाकीचे कागदही आम्ही उशिरा का होईना पाहिले. फर्म ‘२२ वर्षांची’ म्हणत होता, कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ती पाच महिन्यांपूर्वीची निघाली. लेटरहेडवरचा जीएसटी क्रमांक २७ नं सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, पण तो रद्द झालेला. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, खरं होतं, मात्र ते माणूस स्वतःच माहिती भरून फुकट काढतो, त्यावरून मालाची परीक्षा होत नाही. हे तिन्ही शोध मिळून आम्हाला अर्धा तास लागला. इसार द्यायच्या आधी हा अर्धा तास आमच्याकडे होता.

पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, दुसऱ्या खेपेला घेतला. पावती, बँकेचे उतारे, व्हिडिओ आणि माहितीपत्रक ही चार कामाला आली. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार आहे. ५ लाखांच्या आतल्या खरेदीला तिथं फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ही मुदत घालवू नका. वकिलांनी आणखी एक कलम दाखवलं, पेटंट कायद्याचं १२० वं. पेटंट नसताना आहे म्हणून माल विकणं हेच मुळात बेकायदा आहे. पूर्वी १ लाखापर्यंत दंड होता, आता १० लाखांपर्यंत आहे. आजपर्यंत आम्हाला एक रुपया परत मिळालेला नाही. दोघींनी गट सोडला. त्यांना मी दोष देत नाही.

गेल्या महिन्यात केज तालुक्यातून एका अनोळखी ताईंचा फोन आला. आमची हकीकत त्यांनी कुणाकडून तरी ऐकली होती. त्यांच्या गटाकडे एक माणूस आला होता, दुधासाठी थंड टाकी घेऊन, पेटंटची. हाच माणूस होता का, मला सांगता येत नाही. मी म्हटलं, “फ्रेम आहे का सोबत?” हो म्हणाल्या, समोर खुर्चीवरच ठेवलीय. म्हटलं, “सिंहांच्या खालचं इंग्रजी शीर्षक मला वाचून दाखवा. सावकाश, एकेक शब्द.” त्या वाचायला लागल्या. सर्टिफिकेट. ऑफ. रजिस्ट्रेशन. ऑफ. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “पुढं डिझाइन लिहिलंय. इसाराचे पैसे माझ्या हातातच आहेत अजून.”