सावंतवाडीतलं तबकड्यांचं दुकान: काय घ्यावं, काय ठेवून यावं

बाहेरची पाटी अजून घड्याळदुरुस्तीचीच आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या बाजारात शोधताना माणूस समोरून निघून जातो. आत शिरलं की डाव्या हाताला मांडणीवर तबकड्या, उजव्या भिंतीला नाटकांची नि संगीताची पुस्तकं आणि गल्ल्यामागे खोक्यांत भरलेल्या कॅसेट. पितळी भोंग्याचा ग्रामोफोन दिवाणखान्यात ठेवायला हवा असेल तर इथे काही मिळणार नाही. एखाद्या पदाची चाल नेमकी काय होती हे पडताळायचं असेल तर मात्र अर्धा दिवस हाताशी ठेवून यावं. छापलेलं पद, त्याची स्वरलिपी आणि त्याची तबकडी ही तिन्ही एका टेबलावर ठेवून, वाजवून, मग विकत घेता येतील अशी सोय आपल्या किनाऱ्यावर सहसा सापडत नाही. टेबलावर दोन रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेट डेक आणि शेजारी एक पायाची जुनी पेटी आहे. "आदी आयका, मगे घेवा," असं दुकानदार काका स्वतःच सांगतात, आणि ऐकून न घेता उठलात तरी तोंड वाकडं करत नाहीत.

सुरुवात पुस्तकांपासून करा. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचे चार शब्द, एवढंच असतं. ते गाणं तेव्हाच्या प्रेक्षकाला तोंडपाठ होतं; आज ते गाणंच हरवलेलं असतं. साकी, दिंडी, कामदा या वृत्तांच्या चाली अजून भजनी मंडळींच्या कानात आहेत म्हणून निभावून जातात. पण लावणीवर, कानडी चालीवर किंवा बंदिशीवर बेतलेलं पद नुसत्या पुस्तकावरून उभं राहत नाही. १८८२च्या 'सौभद्रा'ची ही अडचण तर १९११च्या 'मानापमाना'ची वेगळी: तिथे गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या, आणि तो ढंग कागदावर उतरतच नाही. त्यामुळे नाटकाचं पुस्तक हातात घेतलंत की लगेच तबकड्यांच्या मांडणीत त्याची जोडी आहे का ते विचारा. काकांना ते पाठ आहे, यादी मात्र कुठेही लिहिलेली नाही. हा या दुकानाचा मोठा दोष. काका बाहेर गेले की दुकान आंधळं होतं.

या भागातल्या वाचकाने आवर्जून विचारावं असं पुस्तक म्हणजे वझेबुवांचं 'संगीत कलाप्रकाश'. गवई रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानात जन्मलेले. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेल्या आणि १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या 'संन्यस्त खड्ग'च्या चाली त्यांच्याच. त्यातलं दीनानाथ मंगेशकरांचं 'मर्मबंधातली ठेव ही' ऐकायचं, मग बुवांच्या पुस्तकातल्या बंदिशी वाचायच्या, म्हणजे पदातली कुठली जागा बुवांच्या गायकीतून आली आणि कुठली दीनानाथांच्या गळ्याची, याचा थोडा अंदाज येतो. पूर्ण नाही येत. दीनानाथांची तान कुठल्याच स्वरलिपीत सापडत नाही.

स्वरलिपीची पुस्तकं घेताना एक गोष्ट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका: पद्धत कुठली, भातखंड्यांची की पलुसकरांची? दोन्ही इथे एकाच फळीवर मिसळून ठेवलेल्या असतात, आणि खुणा इतक्या उलटसुलट आहेत की क्लासला जाणारी मुलंही फसतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. आता भातखंड्यांकडे मध्यमाच्या डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे 'स्वयंवरा'तलं यमनातलं 'नाथ हा माझा' भातखंडे पद्धतीत छापलेलं असलं आणि तुम्ही पलुसकरांच्या सवयीने वाचलंत, तर जिथे तीव्र मध्यम लावायचा तिथे तार सप्तकातला मध्यम लावायला जाल आणि गळा अडकेल. ओळखायची सोपी खूण तालाच्या ओळीत आहे. समेला गुणिले आणि खालीला शून्य असेल तर भातखंडे. समेला १ आणि खालीला अधिकची खूण असेल तर पलुसकर. कोमल स्वरही बघा: भातखंड्यांकडे खाली आडवी रेघ, पलुसकरांकडे पाय मोडल्यासारखी खूण. जुन्या शिळाछाप पुस्तकांत या रेघा झिजून गेलेल्या असतात आणि कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. शंका आली की पेटी जवळच आहे, वाजवून बघा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी पुस्तकं शोधणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं स्वस्त दिसतात, पण परीक्षेला उपयोग नाही. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग आहेत. इथे सुटे सुटे मिळतात, बहुतेक हिंदी आवृत्तीचे. बंदिशींच्या मजकुराला भाषेने फरक पडत नाही, रागांच्या माहितीला पडतो. सुटा भाग घेताना आधी अनुक्रमणिका उघडून तुम्हाला हवा तो राग त्यात आहे ना ते पाहा, नाहीतर घरी आहे तोच भाग दुसऱ्यांदा घ्याल.

कोकणातल्या जुन्या पुस्तकाची तपासणी देशावरच्या पुस्तकासारखी करून चालत नाही. कसर पानाचा वरचा थर खाते, म्हणून उजेडात पान तिरकं धरा. खडबडीत, पातळ झालेले डाग दिसले तर नेमकी मात्रांची ओळ गेलेली असू शकते. वाळवी पाठीकडून आत शिरते, म्हणून पुस्तक पाठीवर दाबून बघा, पोकळ लागलं तर सोडा. पूर्वीची पुस्तकं सोळा पानांच्या फॉर्म्यांची, आणि शिवण सुटली की अख्खा फॉर्मा गळतो. १६-१७, ३२-३३, ४८-४९ या जोड्या उघडून पानांचे आकडे सलग आहेत का पाहा. भजनाच्या आणि नाटकाच्या पदांच्या बारक्या चोपड्यांना तारेच्या पिना असतात. खाऱ्या हवेने त्या गंजतात आणि मधलं पान कापून बाहेर येतं. पीन काढून दोऱ्याने शिवून घेतली तर चोपडी आणखी बरीच वर्षं टिकते. काका सांगितल्यावर तिथल्या तिथे शिवून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

आता तबकड्या. इथे बहुतेक माल मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, लाखेचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं, म्हणजे रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत रंगणारं पद इथे अस्थाई-अंतरा नि दोन-चार तानांत आटपलेलं. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना हे ध्यानात ठेवा. तबकडीवरून त्यांच्या लयकारीचा अंदाज येतो, बैठकीचा येत नाही. आणखी एक गैरसमज दुकानात नेहमी कानावर पडतो, की ७८ची तबकडी म्हणजे ती फार जुनीच. आपल्याकडे १९६०च्या दशकातही ७८च्या तबकड्या निघत होत्या. तेव्हा नुसत्या वेगावरून जास्त किंमत देऊ नका. लेबलवरचा क्रमांक, नाव आणि बाजू पाहा.

घेण्याआधी तबकडी डोळ्याच्या पातळीवर आडवी धरून वाक बघायचा. मग मधल्या भोकात बोट घालून ती लटकती ठेवायची आणि कडेला हलकी टिचकी मारायची. अखंड तबकडी खणखणते, केसासारखी चीर असेल तर आवाज फुटका येतो. लेबलवर भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा वाजलेली आहे: दांडीवर बसवताना चाचपडल्याच्या त्या खुणा. खाचा राखाडी दिसत असतील तर पोलादी सुईने गाणं खाल्लंय. कितीही धुतलं तरी ते परत येणार नाही. धुण्याचं म्हणाल तर लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, लेबलवर पाणी जाऊ न देता, आणि सावलीत वाळवणं.

वाजवताना दोन घोटाळे होतात आणि दुकानातल्या एका प्लेअरवर त्यातला एक होतोच. ७८च्या खाचेला सुमारे ७० मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते, एलपीची, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या तबकडीची, सुई १८ ते २५ मायक्रॉनची. एलपीच्या सुईने ७८ वाजवली की ती खाचेच्या तळाशी घासते, नुसती खरखर ऐकू येते आणि गिऱ्हाईक चांगली तबकडी ठेवून जातं. भिंतीकडच्या प्लेअरला बरोबर सुई आहे, तोच मागा. दुसरा घोटाळा वेगाचा. विजेच्या ध्वनिमुद्रणाआधीच्या, म्हणजे साधारण १९२५ आधीच्या, तबकड्या नेमक्या ७८वर कोरलेल्या असतीलच असं नाही. ८०वर कोरलेली ७८वर वाजवली तर सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो. पेटीवर काळी एक म्हणावी तर बसत नाही, पांढरी एकही बसत नाही, असं झालं की आधी वेगावर संशय घ्या. भिंतीकडच्या प्लेअरवर वेग थोडा मागेपुढे करायची खुंटी आहे. पेटीशी जुळवून मग स्वरलिपी समोर धरा.

एलपी थोड्या आहेत आणि महाग आहेत. १९६४चं 'मत्स्यगंधा', १९६७चं 'कट्यार', जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींच्या या नाटकांच्या तबकड्यांना गोव्याहून गिऱ्हाईक येतं, त्यामुळे भाव कमी होत नाही. हीच गाणी आज फोनवर सहज ऐकता येतात. वेष्टणावरच्या मजकुरासाठी घेणार असाल तर घ्या, आवाजासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही.

गल्ल्यामागच्या खोक्यांत मात्र असं काही आहे जे फोनवर सहसा सापडत नाही: डबलबारीच्या म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, दशावतारी नाटकांच्या, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबांच्या कॅसेट. काही छापील वेष्टणाच्या, काही जत्रेत कुणीतरी मंडपात टेप ठेवून भरलेल्या, वर पेनाने बुवांचं नाव नि गाव. बारीचा गजर, मग रूपावली, अभंग, गौळण, आणि मधल्या कोपरखळ्या हे सगळं सलग ऐकायचं असेल तर ही खोकीच उपसावी लागतील. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालू देऊ नका, फीत वाचणाऱ्या हेडवरून ती बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. फितीमागे तांब्याच्या पट्टीवर लोकरीचा बारीक तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो गळतो आणि आवाज येत-जात राहतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर हा तुकडा दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो. चिकटवलेल्या कवचाची असेल तर कवच फोडून फीत दुसऱ्यात घालावी लागते. नव्वद मिनिटांची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ, ती आधी ताणते आणि आधी अडकते.

काका कॅसेट पेनड्राइव्हवर भरून देतात, तुम्ही आणलेली असेल तरच. दुकानातली कंपनीची कॅसेट भरून मागितलीत तर नाही म्हणतात, ते बरोबरच आहे. काम बरं होतं, पण तीन गोष्टी सांगून कराव्या लागतात. फीत आधी पूर्ण पुढे नि पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. प्रत्येक कॅसेटला हेड सेट करून घ्या: बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा कल फिरवत झांज जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येते तिथे थांबायचं. न सांगितल्यास एकाच सेटिंगवर सगळ्या कॅसेट जातात आणि निम्म्या गुदमरलेल्या येतात. आणि फाइल वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या स्वरूपात, मागा. ९० मिनिटांची स्टिरिओ कॅसेट सीडीच्या दर्जाला साधारण साडेनऊशे एमबी होते. एमपी३ १२८वर ती ८६ एमबीत बसते म्हणून काका तीच देतात. खरखर काढणारं सॉफ्टवेअर लावू देऊ नका. ते सवयीने जास्त लावलं जातं, मग झांजेचा नाद पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि पखवाजाचा घुमारा खरखरीबरोबर निघून जातो. खरखर नंतर कधीही काढता येते, गेलेला नाद आणता येत नाही.

माल ठेवण्याच्या बाबतीत दुकानात एक चूक राजरोस चालू आहे: कॅसेटच्या खोक्यांत डांबरगोळ्या. त्या पॉलिस्टिरीनच्या कवचाला खातात, कॅसेट चिकट होते. घरी नेल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या अधूनमधून तापवून वाळवत राहा. तबकड्या उभ्याच ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाळ्यात शक्यतो इथे खरेदी करू नका. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते आणि पुस्तकांची ती बाजू नोव्हेंबरशिवाय नीट वाळत नाही. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ बरा.

दुपारी एक ते चार दुकान बंद. तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, तेवढ्यावर विसंबू नका. दोन पुठ्ठे आणि सुतळी घरून न्या. रेल्वेने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून लांब आहे, आणि रिक्षात तबकड्या मांडीवर, उभ्या धरून बसा.