कासान : ड्रायव्हरमधला मेमरीचा घोळ पुराव्यासकट दाखवणारं टूल

लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहित असाल तर कासान, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं (कर्नलमधलं) कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर, चालू केल्याशिवाय टेस्टिंग झालं असं म्हणू नका. मी हे इतकं ठासून सांगतो त्यामागे एक यूएसबी ड्रायव्हर आहे. डिव्हाइस ओढून काढलं की डिस्कनेक्ट फंक्शन ड्रायव्हरचं स्ट्रक्चर केफ्री करायचं, म्हणजे त्याची मेमरी सोडून द्यायचं, पण वर्कक्यूत (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकलेलं काम अजून शिल्लक असायचं. ते उशिरा जागं व्हायचं आणि सोडून दिलेल्या त्याच मेमरीत लिहायचं. तोवर ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळालेली. त्यामुळे मशीन पडायचं ते कधी फाइलसिस्टममध्ये, कधी नेटवर्कच्या कोडमध्ये. आमच्या ड्रायव्हरचं नावही कुठे नाही.

कासानवाल्या कर्नलवर मात्र ज्या ओळीत चूक, तिथेच युज-आफ्टर-फ्रीचा, म्हणजे सोडलेली मेमरी वापरल्याचा, रिपोर्ट आला. त्यात तीन स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याच्या साखळ्या, असतात : चुकीचा ॲक्सेस कुठून झाला, जागा कुणी घेतली होती आणि कुणी सोडली. या तिसऱ्या ट्रेससाठी मी या टूलचा ऋणी आहे. केफ्रीच्या आधी, शिल्लक काम रद्द करणारं किंवा ते संपेपर्यंत थांबणारं कॅन्सल_वर्क_सिंक टाकलं आणि प्रकरण मिटलं.

कासान २०१५ मध्ये, लिनक्स ४.० पासून कर्नलमध्ये आहे. जेनेरिक मोडमध्ये दर ८ बाइटांमागे १ शॅडो बाइट, म्हणजे ती जागा वापरणं वैध आहे का याची नोंद, ठेवला जातो आणि कंपायलर प्रत्येक लोड-स्टोअरच्या आधी तो तपासणारा कोड घुसवतो. सोडलेली मेमरी लगेच परत न वाटता काही काळ क्वारंटाइनमध्ये राहते, म्हणून जुना पॉइंटर सापडतो. याची किंमत आहे : शॅडोसाठी एक अष्टमांश मेमरी जाते आणि वेग साधारण तिपटीने मंदावतो. टेस्टिंगच्या मशीनवर मला ते मान्य आहे.

मर्यादाही नीट समजून घ्या. जो कोड चाललाच नाही त्यातली चूक दिसणार नाही, म्हणून सोबत सिझकॉलरसारखा फझर, म्हणजे उलटसुलट इनपुट देऊन कोड चालवून बघणारं टूल, हवाच. क्वारंटाइनमधून बाहेर पडून जागा पुन्हा वाटली गेली, तर जुन्या पॉइंटरचा ॲक्सेस वैधच वाटतो. आणि हार्डवेअरने डीएमएने, म्हणजे सीपीयूला वगळून, मेमरीत थेट लिहिलेलं कासानला दिसत नाही, कारण तपासणी फक्त सीपीयूच्या कोडमध्ये आहे. ड्रायव्हरवाल्यांसाठी हे भोक लहान नाही. तिथे डिव्हाइसला ठरवून दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ न देणारं आयओएमएमयू चालू ठेवा.

रिपोर्ट आला की त्याचं पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. ॲन्ड्रॉइडच्या बाइंडर ड्रायव्हरमधला (प्रोसेसमधला संवाद सांभाळणारा) युज-आफ्टर-फ्री सिझबॉटने, म्हणजे सिझकॉलर सतत चालवणाऱ्या यंत्रणेने, २०१७ च्या नोव्हेंबरमध्येच कासानच्या मदतीने पकडला होता. थ्रेडचं स्ट्रक्चर सोडलं जायचं, पण घटनांची वाट बघणाऱ्या ईपोलकडे त्यातल्या वेटक्यूचा (वाट बघणाऱ्यांच्या रांगेचा) पत्ता उरायचा. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, पण सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीची जाहीर नोंद, मिळाला नाही आणि पिक्सेल २ सारखे फोन तसेच राहिले. २०१९ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा-संशोधन गटाने सांगितलं, की ही चूक प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असल्याची माहिती आहे. मगच ती सीव्हीई-२०१९-२२१५ झाली. टूलने आपलं काम दोन वर्षं आधीच केलं होतं, हे वाचताना मला आजही संताप येतो.

ग्राहकांच्या मशीनवर कासानचा जेनेरिक मोड लावू नका. तिथे लिनक्स ५.१२ पासून आलेलं केफेन्स वापरा : ते मोजकीच ॲलोकेशन्स नमुन्यादाखल तपासतं, त्यामुळे भार जवळपास जाणवत नाही. आणि कासानच्या बिल्डमध्ये डीबग इन्फो चालू ठेवा, नाहीतर ट्रेसमधून ओळ क्रमांक काढता येणार नाहीत.