आठ महिने विंडोज टॅब: बोटाचं जमलं, झोपेचं जमेना

गेल्या आठवड्यात गोव्यात माशेलच्या बाजूला एका देवळात श्रावणातल्या भजनी सप्ताहाच्या पत्रिकेचं प्रूफ घेऊन गेलो होतो. सभामंडपात समितीचे सहा जण चटईवर बसले होते, बाहेर पाऊस कोसळत होता. सकाळी फोंड्याहून निघताना टॅबची बॅटरी ८३ टक्के होती. कव्हर मिटलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवला, बाणस्तारीला दोन कामं केली आणि चार वाजता देवळात पोचलो. पिशवी उघडली तर टॅब पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतल्या उंड्या पावासारखा गरम. बटण दाबलं की पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र. चार्जर लावावा तर गावात वीज नव्हती. सहा माणसांचा वेळ घेऊन मी हात हलवत परत आलो.

या दुखण्यावर मी मार्चमध्ये इलाज केला होता आणि तो चार महिने लागू पडला होता. म्हणून राग जास्त आला आणि हे सविस्तर लिहायला बसलो.

माझं काम डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचं. जत्रेच्या पत्रिका, रात्रीच्या नाटकांची हस्तपत्रकं, देवस्थानांचे अहवाल, लग्नपत्रिका. बावीस वर्षांचं मॅटर पेजमेकर आणि कोरल या पानं मांडायच्या प्रोग्रॅमच्या फायलींत पडून आहे आणि ते सगळं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे फॉन्ट नसलेल्या फोनवर तोच मजकूर उघडला की देवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण रफार आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. शिवाय पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. त्याची शेवटची आवृत्ती ७.० आली २००१ साली, पुढे अडोबीने तो बंदच केला. दर वर्षी त्याच देवस्थानाची पत्रिका येते, तिथी आणि नावं बदलायची असतात. त्यासाठी सगळं नव्याने मांडायचं म्हणजे कोणी न देणारी मजुरी आपण खिशातून भरायची.

पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवता येते, पाठवतोही. पण समिती एकत्र बसल्याशिवाय प्रूफ पास होत नाही. एकाने फोनवर ‘ठीक आहे’ म्हटलं की रात्री दुसऱ्याचा फोन येतो. आधी कागदावर प्रूफ न्यायचं, करेक्शन लिहून आणायचं, दुकानात सुधारायचं, पुन्हा न्यायचं असं चालायचं. एका पत्रिकेला तीन फेऱ्या. पेट्रोल आणि अर्धा दिवस माझा जायचा. बसल्या जागी सुधारून दाखवता आलं तर हे वाचेल, म्हणून दिवाळीत साडेदहा इंची विंडोज ११ चा टॅब घेतला. पेन आणि कीबोर्ड कव्हरसकट ४१ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीपुरता नाही.

लॅपटॉप का नाही, असं खूप जण विचारतात. लॅपटॉप एकाच्या मांडीवर बसतो, बाकीचे मागून माना वाकवतात. टॅब कागदासारखा हातोहात फिरतो. माघातल्या एका जत्रेच्या पत्रिकेत देवस्थानच्या एका वयस्क महाजनांचं, म्हणजे हक्काच्या सभासदाचं, आडनाव ‘गावकर’ पडलं होतं. त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘आमच्या घरात गांवकर लिहितात, अनुस्वार देऊन.’ मी तिथेच अनुस्वार दिला आणि टॅब परत त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो शेजाऱ्याला दाखवला, मग पत्नीला बोलावून दाखवला. एका टिंबासाठी मी आधी वीस किलोमीटर परत जायचो. त्या दिवशी ४१ हजार सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

पहिले दोन महिने मात्र मी हा टॅब विकायला निघालो होतो. तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की डेस्कटॉपची ओएस, म्हणजे विंडोजसारखी मशीन चालवणारी मूळ प्रणाली, टॅबवर असूच नये. बोटाचा प्रश्नच सुटत नव्हता. अँड्रॉइडमध्ये बटणाची जागा साधारण ९ मिलिमीटरची ठेवावी असा दंडक आहे, म्हणजे बोटाच्या टोकाएवढी. पेजमेकरचा टूलबॉक्स माउसच्या टोकासाठी आखलेला. दाट पिक्सेलच्या पडद्यावर त्याचे चौकोन साबुदाण्याएवढे होतात. स्केलिंग, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्याचा आकार, वाढवलं की जुना प्रोग्रॅम ताणून मोठा होतो आणि अक्षरं धुरकट दिसतात. प्रूफ दाखवायच्या पडद्यावर धुरकट अक्षर म्हणजे कामच संपलं. वरून पडद्यावरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो आणि नेमकी आपली ओळ त्याच्याखाली जाते. विंडोज १० मध्ये टॅबलेट मोड म्हणून वेगळी सोय होती, तीही २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये काढून टाकली.

मत बदललं ते पेनामुळे. खोक्यातून आलेलं पेन मी चित्रकारांचं समजून महिनाभर बाजूला ठेवलं होतं. पेन पडद्याजवळ नेलं की टेकायच्या आधीच ठिपका दिसतो, म्हणजे नेम आधी धरता येतो. बटणावर नुसतं धरलं तर त्याचं नाव येतं, आणि पेनाच्या अंगावरचं बटण राइट क्लिकचं काम करतं. म्हणजे माउसचे तिन्ही गुण परत मिळाले. १२५ टक्के स्केलिंगवर अक्षरं वाचण्याइतकी स्वच्छ राहतात आणि टूलबॉक्सही पेनाला सापडतो. टायपिंगला कीबोर्ड कव्हर लागतंच, माझ्या बोटांना रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांची सवय आहे. पण प्रूफाच्या वेळी टायपिंग असतं किती? चार नावं आणि एक तिथी. तेव्हा ‘बोटाने चालत नाही म्हणून डेस्कटॉपची ओएस टॅबवर नको’ हे माझं मत मी मागे घेतलं आहे.

टॅबवर जुने प्रोग्रॅम चालायलाच हवेत, याला जुना दाखलाही आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी नावाचा टॅब आणला. पडदा बोटासाठी, नाव विंडोज, पण जुने विंडोज प्रोग्रॅम त्यावर बसवताच येत नव्हते. पुढच्या वर्षी त्यापायी कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. माझ्यासारख्याला डेस्कटॉपची ओएस हवी असते ती तिच्या पोटातल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी. ते काढून घेतले तर उरलेलं आयपॅड जास्त चांगलं करतो. आता आयपॅडलाही २०२५ च्या आयपॅडओएस २६ पासून खिडक्या आणि वरची मेनूची पट्टी मिळाली आहे. माझ्या फायली तिथेही उघडणार नाहीत.

फोनबद्दल थोडक्यात. मित्राच्या सॅमसंग फोनवर डेक्स, म्हणजे फोन मोठ्या पडद्यावर संगणकासारखा वापरायची सोय, चालू करून टीव्हीला जोडून पाहिलं. खिडक्या झकास उघडतात, पण आत अँड्रॉइडच आहे, त्यामुळे माझी फाईल तिथेही चिवडाच. त्यात लिनक्स ही डेस्कटॉपची दुसरी ओएस चालवायची सोय कंपनीने काही काळ चाचणीला दिली होती, ती २०१९ मध्ये थांबवली. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूवाल्यांनी २०१३ मध्ये खिशातला फोन टेबलावर पीसी होईल म्हणून लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. लोकांनी जेमतेम १ कोटी २८ लाख द्यायचं कबूल केलं आणि तो फोन निघालाच नाही. सहा इंचांवर पत्रिकेचं पान मांडून सहा जणांना दाखवणं हे काम मला तरी फोनचं वाटत नाही.

आता मूळ दुखणं, झोप. माझ्या मते सगळा वाद इथेच निवडावा, आणि याबद्दल कोणी पुरेसं बोलत नाही.

जुना लॅपटॉप मिटला की फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, किंचित वीज मिळायची, बाकी सगळं बंद. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फोनसारखी झोप आणली. पडदा बंद, पण मशीन आतून अधूनमधून जागं होणार, इंटरनेट धरून ठेवणार, मेल घेणार. आज याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. फोनला हे जमतं, कारण तिथे पहिल्या दिवसापासून नियम आहे: ॲप कधीही थांबवलं जाईल, त्याने आपलं काम आधीच जपून ठेवावं. आणि फोनचं हार्डवेअर त्याच सवयीत वाढलेलं असतं. डेस्कटॉपच्या ओएसवर असंख्य कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, असतात. त्यातला एक जरी जागा राहिला तरी अख्खं मशीन जागं राहतं, आणि बंद पिशवीत ती ऊब जायला वाट नसते.

फेब्रुवारीत हे पहिल्यांदा झालं. सर्व्हिस सेंटरला पणजीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या वेळी सांगितलं, बॅटरी ठीक आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं, सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. पुसलं. फॉन्ट, पेजमेकर, कोरल, प्रिंटरचे ड्रायव्हर पुन्हा बसवण्यात दोन दिवस गेले, तेही जत्रांच्या दिवसांत. तिसऱ्या दिवशी टॅब पिशवीत पुन्हा गरम. काउंटरवरच्या मुलाला मी म्हटलं, ‘बाबा, बॅटरी तपासू नकोस, हा झोपतो का ते तपास.’ त्याच्याकडे त्याचा फॉर्मच नव्हता. गिऱ्हाइकाचे दोन दिवस जातात याचं कोणाला काहीच वाटू नये, हे मला अजून खुपतं.

शेवटी माहीतगार भाच्याने विंडोजमधलाच स्लीपस्टडीचा अहवाल काढून दाखवला. पॉवरसीएफजी स्लीपस्टडी ही कमांड ॲडमिन म्हणून दिली की फाईल तयार होते. त्यात मिटलेल्या तीन तासांपैकी टॅब खरोखर झोपला होता तो ११ टक्के वेळ. बाकी वेळ वायफायचा ड्रायव्हर जागा. अहवाल हातात आल्यावर अंदाज थांबले. पॉवरसीएफजी हायबरनेट ऑन ही कमांड दिली, मग कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवरचं बटण आणि कव्हर मिटणं, दोन्हीला हायबरनेट लावलं. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. परत उठायला माझ्या टॅबला १८ सेकंद लागतात आणि पेजमेकरची फाईल होती त्याच ओळीवर उघडी मिळते. मार्चपासून जूनपर्यंत निघताना ८० टक्के तर पोचताना ८०. शिमग्याच्या आणि वैशाखातल्या जत्रांची सगळी प्रूफं अशीच पास केली, एकेका फेरीत.

मग गेल्या आठवड्यात मोठं अपडेट आलं. माशेलहून परतल्यावर पाहिलं तर कव्हर मिटण्याचं सेटिंग पुन्हा स्लीपवर गेलेलं होतं. मला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

टॅब विकणार नाही. वाचलेल्या फेऱ्या वहीत मांडल्या आहेत, आठ महिन्यांत ३७. जुन्या फायलींवर पोट असेल आणि माणसांमध्ये बसून काम करायचं असेल तर पेनासकटच घ्या, आणि घरी आणल्या दिवशी हायबरनेट लावा. नुसतं वाचायला, बघायला, बोलायला हवा असेल तर यावर पैसे घालू नका, निम्म्या किमतीत अँड्रॉइड मिळतो आणि तो झोपतो.

काल माशेलला पुन्हा गेलो. निघण्यापूर्वी सेटिंग उघडून पाहिलं, कव्हर मिटलं, पाच मिनिटं थांबून पाठीला हात लावून बघितला. गार होता. मगच डिकीत ठेवला. सप्ताहाच्या पत्रिकेत पारांच्या, म्हणजे पाळीपाळीने भजन करणाऱ्या गटांच्या, यादीतली दोन नावं आणि एक वेळ बदलली, सही मिळाली, छपाईची प्लेट आज गेली.