८५ सेंटिमीटरचा टॉर्सो: विकत घेण्यापूर्वी त्याचे हृदय उघडून पाहावे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवण्यासाठी आम्ही अलीकडे एक टॉर्सो मॉडेल घेतले. डोके आणि पुढून उघडलेले धड, उंची ८५ सेंटिमीटर, पीव्हीसीचे सुटे अवयव आणि किंमत साडेअकरा हजारांच्या आसपास. खोक्यावर किंवा बैठकीवर निर्मात्याचे नाव नाही. प्रयोगशाळा-साहित्याच्या बाजारात असा बिननावाचा माल सर्रास विकला जातो, त्यामुळे नाव पाहून नव्हे तर अवयव हातात घेऊनच पारख करावी लागते.

आधी जमेची बाजू. अवयवांच्या जागा दाखवण्याचे काम हे मॉडेल चोख करते. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड स्पष्ट आहेत, आणि डाव्या फुप्फुसाच्या पुढच्या कडेला हृदयासाठी असलेली खाचही विसरलेली नाही. उजवे वृक्क (मूत्रपिंड) डाव्यापेक्षा किंचित खाली बसवलेले आहे. त्याच्या डोक्यावर यकृत असल्याने शरीरातही बहुधा तसेच असते. वृक्काच्या खोबणीत नीला (हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी) पुढे, रोहिणी (हृदयापासून रक्त नेणारी) मध्ये आणि मूत्रवाहिनी मागे हा क्रम बरोबर पाळलेला पाहून मला सुखद आश्चर्य वाटले, कारण स्वस्त मॉडेलांत या तीन नळ्या कशाही चिकटवलेल्या असतात. जठर उचलले की मागे स्वादुपिंड दिसते, आणि ‘पोस्टीरियर’ म्हणजे काय हे फळ्यावर न लिहिता विद्यार्थिनींना कळते.

दिशादर्शक संज्ञा शिकवताना मात्र या मॉडेलची मर्यादा लवकर उघडी पडते. रचनाशास्त्रातल्या सर्व दिशा एका ठराविक स्थितीतून मोजतात: शरीर ताठ उभे, चेहरा समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे. तळवे पुढे असल्यामुळेच अंगठा लॅटरल, म्हणजे मध्यरेषेपासून दूरच्या बाजूला येतो. टॉर्सोला हातच नसल्याने ही स्थिती त्यावर दाखवता येत नाही, आणि मुख्यतः हातापायांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रॉक्सिमल (धडाच्या जवळचा) व डिस्टल (धडापासून दूरचा) या संज्ञाही बाजूला राहतात. त्यासाठी पूर्ण सांगाडा हवा, आणि तोही हात फिरवता येणारा. डाव्या-उजव्याचा घोळ मात्र इथे चांगला सुटतो: समोर उभ्या विद्यार्थिनीचा उजवा हात जिकडे, तिकडे मॉडेलची प्लीहा (पाणथरी) असते, तरीही ती डावीकडची आहे, कारण बाजू नेहमी रुग्णाची धरायची.

छेदांच्या बाबतीत मेंदू सॅजिटल (डावा-उजवा भाग वेगळा करणाऱ्या) छेदात आणि एक वृक्क कोरोनल (पुढचा-मागचा भाग वेगळा करणाऱ्या) छेदात उघडते, आणि दोन्ही छेद स्वच्छ आहेत. आडवा, म्हणजे ट्रान्सव्हर्स छेद कुठेही नाही. सीटी स्कॅनची चित्रे प्रामुख्याने याच छेदात, जणू रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखी मांडतात. तेव्हा प्रत्यक्ष रुग्णालयात ज्या छेदाशी रोज गाठ पडणार, नेमका तोच इथे नाही.

आता हृदय. माझ्या मते सगळ्या मॉडेलची परीक्षा या एका अवयवावर घ्यावी. पुढचा अर्धा भाग काढला की दोन अलिंदे (वरचे कप्पे) आणि दोन निलये (खालचे कप्पे) दिसतात. डाव्या निलयाला रक्त सबंध शरीरात ढकलायचे असते, उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच. म्हणून प्रौढ माणसात डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते. या मॉडेलमध्ये दोन्ही भिंती सारख्याच जाडीच्या ओतल्या आहेत. त्याहून वाईट म्हणजे फुप्फुस रोहिणी लाल रंगवली आहे. रोहिणी म्हणजे हृदयापासून रक्त दूर नेणारी वाहिनी. त्या रक्तात ऑक्सिजन जास्त की कमी, याच्याशी त्या व्याख्येचा संबंध नाही. फुप्फुस रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त वाहते, म्हणून रूढ संकेतानुसार ती निळी हवी आणि फुप्फुस नीला लाल. रंगवणाऱ्याने ‘रोहिणी ती लाल’ एवढेच धरून ब्रश फिरवला असावा, आणि विद्यार्थिनींच्या मनातून जो समज काढायचा तोच मॉडेलने पक्का केला. आम्ही ती वाहिनी ॲक्रिलिक रंगाने निळी करून घेतली.

श्वसनसंस्थेत दोन उणिवा आहेत. उजवी श्वसनी (श्वासनलिकेची फुप्फुसाकडे जाणारी फांदी) डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभी असते. लहान मुलाच्या श्वासमार्गात गेलेला शेंगदाणा उजवीकडे अडकण्याचा संभव त्यामुळेच जास्त. इथे दोन्ही फांद्या एकाच कोनात वळतात. आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, मुळीच नाही. फुप्फुसे थेट यकृतावर टेकलेली पाहून छातीची पोकळी कुठे संपते आणि उदरपोकळी कुठे सुरू होते हे कळत नाही. श्वासपटल आकुंचन पावून सपाट होते, छातीतला दाब घटतो आणि हवा आत येते, ही क्रिया तर निव्वळ तोंडी सांगावी लागते. काही महाग मॉडेलांत श्वासपटल असते, तेवढ्यासाठी पैसे जास्त मोजावेत असे मी म्हणेन.

आतडी एका ठोकळ्यात ओतलेली आहेत. आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) जागेवर आहे, ठीक आहे.

सोबत प्राणीपेशीचा एक उठावदार तक्ता भेट मिळतो. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, सगळे ठसठशीत. पण ही पेशी शरीरात कुठेच सापडणार नाही, हे शिक्षकाने आधी सांगितले पाहिजे. प्रगल्भ तांबड्या रक्तपेशीत केंद्रकही नसते आणि तंतुकणिकाही; तिचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर. अस्थिस्नायूच्या एका तंतूत अनेक केंद्रके असतात. कण्यातून पायाकडे जाणाऱ्या चेतापेशीचा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. पेशी आणि अवयव यांमधली पायरी, म्हणजे ऊती, या संचात कुठेच नाही. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता या चार ऊतींसाठी कायमस्वरूपी काचपट्ट्यांचा संच वेगळा घ्यावा, सोबत सूक्ष्मदर्शक हवाच. वृक्काचे दोन तुकडे कितीही सुबक असले तरी एका वृक्कात सुमारे १० लाख नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) असतात, दोन्ही वृक्कांत मिळून रोज साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीडेक लिटरच मूत्र म्हणून बाहेर पडतो, याचा अंदाज प्लॅस्टिकवरून येणे शक्य नाही.

क्रमांकांचे स्टिकर बारीक आहेत आणि प्लीहेचा क्रमांक स्वादुपिंडाच्या शेपटीवर लावलेला आहे. दोन्ही शेजारी असल्याने चूक पटकन लक्षात येत नाही. क्रमांकांचा तक्ता फक्त इंग्रजीत आहे; आम्ही मराठी संज्ञांची यादी टंकून त्याच्या मागे चिकटवली. यकृत अडकवायची खुंटी सैल झाली आहे आणि विक्रेत्याकडे सुटे भाग मिळत नाहीत. प्रजननसंस्था या प्रकारात नसते. नर्सिंगच्या वर्गाला ती लागतेच, तेव्हा स्त्री-पुरुष दोन्ही जोडभाग असलेलाच प्रकार मागावा.

शाळेच्या नववी-दहावीसाठी हे मॉडेल याच किमतीत घ्यायला हरकत नाही. नर्सिंगसाठी घेणार असाल तर दुकानातच हृदय उघडा: डावी भिंत जाड आणि फुप्फुस रोहिणी निळी असेल तर पुढचे अवयव पाहा, नसेल तर दुसरा नमुना दाखवायला सांगा.