बडोद्यातला स्पॅनिशचा वर्ग: ‘करावं लागतं’चा धडा

अलकापुरीतल्या या वर्गात ‘करावं लागतं’ शिकवतात ते मराठीच्या आधाराने, आणि तिथेच तो बाजी मारतो. ‘तेंगो के इर’ म्हणजे मला जावं लागणार. आपल्या ‘मला’मुळे मुलं ‘आ मी तेंगो’ (‘आ मी’ म्हणजे ‘मला’) म्हणून बसतात. स्पॅनिशमध्ये इथे कर्ता ‘मी’च, म्हणून क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं: तेंगो, तिएनेस, तिएने. ही चूक पहिल्याच तासाला पकडतात.

दुसरी नेहमीची गफलत ‘के’ची. ‘तेनेर’ (‘तेंगो’चं मूळ रूप) नंतर ते हवंच, ‘देबेर’ (करायला हवं) नंतर नकोच: ‘देबो इर’, मला जायला हवं. नेमका कोणी नाही, सगळ्यांनाच लागू, तेव्हा ‘आय के’. सेव-उसळीच्या गाडीवर गर्दी असली की ‘आय के एस्पेरार’, थांबावं लागतं. त्याआधी ‘यो’ (मी) लावायचं नाही.

भूतकाळाचा तास तर झकास. ‘तुवे के इर’ म्हणजे जावं लागलं, गेलो. ‘तेनीआ के इर’ म्हणजे जायचं होतं, गेलो की नाही ते गुलदस्त्यात. मराठीत हा फरक आयता असल्याने लगेच कळतो.

नकार मात्र घाईत उरकतात. ‘नो तिएनेस के बेनिर’ म्हणजे सहसा ‘यायची गरज नाही’, ‘नो देबेस बेनिर’ म्हणजे ‘येऊ नकोस’. यावर छापील सरावात जेमतेम चार वाक्यं, आणि ‘देबे दे एस्तार एन कासा’, म्हणजे घरीच असणार, हा अंदाजाचा ‘देबेर दे’ गायबच. बोलण्याचा सरावही कमी. वीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात.