पस्तिशीनंतर एक्झिक्युटिव्ह एमबीए: पैसे कुठे जातात, हातात काय येते

‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ म्हणजे अनुभवी नोकरदारांसाठीचे व्यवस्थापन शिक्षण. या एकाच नावाखाली बाजारात तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि निवड बहुतेकदा इथेच चुकते. एक, नोकरी सोडून करायचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम: आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बेंगळुरूचा ईपीजीपी, कोलकात्याचा एमबीएईएक्स (पूर्वीचा पीजीपीईएक्स). दोन, नोकरी सांभाळून करायचा: बेंगळुरूचा पीजीपीईएम, आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपीप्रो. तीन, काही महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र. हे बहुधा एखादी एड-टेक (ऑनलाइन शिक्षण विकणारी) कंपनी मोठ्या संस्थेचे नाव पुढे करून विकते.

तिसऱ्या प्रकाराबद्दल स्पष्टच सांगतो: एखादा विषय शिकायला ठीक, पण त्याला एमबीए समजू नका. आयआयएमच्या वर्षाहून कमी मुदतीच्या, पदवी-पदविका न देणाऱ्या अशा अभ्यासक्रमांवर १८ टक्के जीएसटी लागतो. वर्षभराच्या किंवा मोठ्या पदवी-पदविकेला तो माफ आहे. म्हणजे ३ लाखांचे प्रमाणपत्र ३ लाख ५४ हजारांना पडते. ‘आज रात्रीपर्यंत सवलत’ असा फोन आला तर त्या दिवशी पैसे भरूच नका.

शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर नेमके काय छापलेले असेल, हे संस्थेकडून लेखी घ्या. आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ ला लागू झाला आणि या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी पदविका मिळायची. आयएसबी आजही एमबीए पदवी देत नाही. खासगी कंपनीत यावाचून काही अडत नाही, पण सरकारी उपक्रमातली बढती किंवा पुढे पीएचडी मनात असेल तर अडू शकते.

आता पैशांचे. निवासी अभ्यासक्रमांचे शुल्क ३० लाखांच्या पुढे जाते, पण खरा खर्च बुडालेल्या पगाराचा. हातात महिना दीड लाख येत असतील तर वर्षाचे १८ लाख त्यात मिळवा. ३० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३९,६०० रुपये. शिकत असताना आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात चढते: सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरल्यास साडेचार लाख वाढतात आणि हप्ता ४५,६०० च्या आसपास जातो. जमत असेल तर तेवढे व्याज दरमहा भरत राहा. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट रकमेच्या मर्यादेविना आठ वर्षे मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत असाल तर हा फायदा हिशेबातून काढून टाका.

एवढा खर्च आम्हाला एकाच कारणासाठी पटतो: क्षेत्र किंवा कामाचे स्वरूप बदलायचे आहे आणि त्यासाठी कॅम्पस मुलाखती हव्या आहेत. संस्थेचा प्लेसमेंट अहवाल उघडा आणि सरासरी सोडून मध्यक (पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधला आकडा) बघा. किती जणांनी मुलाखतींसाठी नाव दिले, किती जण स्वतःच नोकरी शोधून बाहेर पडले, आकड्यात बोनस धरला आहे का, हेही तपासा. सर्वोच्च पॅकेजच्या आकड्यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

त्याच कंपनीत वर जायचे असेल तर नोकरी सांभाळून केलेला अभ्यासक्रम बरा. इथे कॅम्पस मुलाखतींवर मात्र विसंबू नका. माणसे इथे मार्चमध्ये अडकतात: वर्षअखेरीचे काम, परीक्षा आणि गटाचा प्रकल्प एकदमच अंगावर येतात. त्यातच बदली झाली तर हजेरी कमी पडते. किती तास चुकले तर चालतात, सत्र पुढच्या तुकडीबरोबर करता येते का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. कंपनी शुल्क भरणार असेल तर बाँड (ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार) शब्दन् शब्द वाचा. मुदतीआधी नोकरी सोडल्यास सगळी रक्कम परत मागणार की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच कामावरून कमी केले तर काय, या दोन ओळी त्यात असायलाच हव्यात.

निर्णय होत नसेल तर आधी जीमॅट ही प्रवेश परीक्षा द्या. आता ती सव्वादोन तासांची, ६४ प्रश्नांची आहे आणि गुण पाच वर्षे चालतात. तेवढ्या अवधीत पगार, घराचे कर्ज, मुलांची शाळा बघून अर्ज कधी करायचा ते ठरवता येते.